शब्दाची चाल आणि सुराची चाल : मराठी ख्रिस्ती उपासनागीताचा हंगेरियन धर्मसंगीताच्या संदर्भात विचार

प्रस्तावना

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याचे अध्यक्ष होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला होता. त्या निमित्ताने मराठी ख्रिस्ती साहित्याची बरीच चर्चा झाली. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही नावे व्यासपीठावरून आणि लेखांतून पुन्हा पुन्हा घेतली गेली. मात्र ही सारी चर्चा वाचल्या जाणाऱ्या साहित्यापुरतीच होती. मराठी ख्रिस्ती समाज आपल्या मंदिरात दर रविवारी जे साहित्य गातो, त्याची दखल तेव्हा फारशी घेतली गेली नाही. विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही त्याला स्थान नाही.

या उपेक्षेमुळे मराठी समीक्षेचे दुहेरी नुकसान झाले आहे. एक म्हणजे टिळकांसारख्या कवीचे मूल्यमापन अपुरे राहिले. ‘फुलामुलांचे कवी’ या बिरुदाखाली त्यांच्या निसर्गकविता आणि बालकविता शिकवल्या जातात. भजनांचा उल्लेख ‘धर्मांतरोत्तर रचना’ असा एका वाक्यात आटोपतो. दुसरे म्हणजे परकी चाल आणि मराठी शब्द यांच्या शंभराहून अधिक वर्षांच्या झटापटीतून मराठी छंदाविषयी जे ज्ञान हाती लागते, त्याला आपण मुकलो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा प्रामुख्याने विचार केला आहे.

विवेचनाची दिशा

मराठीत ‘चाल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गाण्याची चाल आणि चालण्याची ढब. उपासनागीतात या दोन्ही अर्थांची गाठ पडते. प्रत्येक भाषेतील शब्दाला स्वतःची ढब असते. तो कोठे जोर घेतो, कोठे लांबतो, त्याला किती प्रत्यय चिकटतात, यावर ती ठरते. सुराची चाल या ढबीला धरून चालली तर शब्द ऐकू येतो. तिच्याविरुद्ध गेली तर सूर ऐकू येतो आणि शब्द हरवतो. मनोरंजनाच्या गाण्यात ही हानी एक वेळ सोसता येईल. उपासनेत शब्द हीच प्रार्थना असल्याने तेथे ती सोसता येत नाही.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. युरोपातच, पण युरोपातील बहुसंख्य भाषांहून वेगळ्या कुळातील हंगेरियन भाषेला तो कित्येक शतके सोडवावा लागला. तेथील रचनाकारांनी शोधलेल्या उत्तरांच्या प्रकाशात मराठी उपासनागीत पाहिले, तर आपल्या प्रश्नाचे स्वरूप अधिक नेमके कळते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हंगेरीचा दाखला : लिस्ट आणि कोदाय

हंगेरियन भाषेची दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घ्यावी लागतात. पहिले, शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो. दुसरे, ती प्रत्ययप्रधान असल्याने शब्द लांबत जातात. जर्मन वा फ्रेंच गीताच्या चाली अशा भाषेवर जशाच्या तशा बसत नाहीत. तरीही त्या बसवल्या गेल्या. १६०७ मध्ये आल्बर्ट सेन्त्सी मोल्नार यांनी जिनिव्हाच्या प्रॉटेस्टंट चर्चची स्तोत्रे मूळ फ्रेंच चालींना धरून हंगेरियनमध्ये आणली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती गायली गेली.

एकोणिसाव्या शतकातील फ्रान्झ लिस्ट (१८११–१८८६) हे हंगेरीचे सर्वांत ख्यातनाम संगीतकार. ऑर्गनसाठी त्यांनी लिहिलेल्या रचना, विशेषतः बाखच्या नावातील अक्षरांच्या स्वरांवर बेतलेली १८५५ ची रचना, या वाद्याच्या साहित्यात अग्रस्थानी मानल्या जातात. १८६७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफ यांच्या राज्याभिषेकासाठी त्यांनी रचलेल्या मिसा-संगीतात हंगेरियन धाटणीच्या स्वरावली स्पष्ट ऐकू येतात. परंतु त्या मिसाचे शब्द लॅटिन आहेत. हंगेरियनपण येथे अलंकारासारखे येते. शब्दाच्या अंगभूत ढबीतून ते उगवत नाही. उतारवयात लिहिलेल्या ‘व्हिया क्रुसिस’ (१८७९) या समूहस्वर आणि ऑर्गन यांच्या रचनेत लिस्ट यांनी सारा डामडौल टाकून दिला. क्रूसाच्या वाटेवरील चौदा मुक्काम त्यांनी मोजक्या, जवळजवळ कोरड्या सुरांत उभे केले. रचना थोर आहे. पण तिचे शब्द लॅटिन आणि जर्मनच आहेत.

झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी मात्र शब्दापासून सुरुवात केली. १९०५ पासून त्यांनी आणि त्यांच्यापाठोपाठ बेला बार्टोक यांनी खेडोपाडी फिरून लोकगीते गोळा केली. त्या गीतांत हंगेरियन शब्द आणि सूर यांची जन्मजात जुळणी त्यांना दिसली. १९२३ मध्ये बुदा आणि पेस्ट या शहरांच्या एकीकरणाला पन्नास वर्षे झाली, त्या प्रसंगी कोदाय यांनी ‘साल्मुस हुंगारिकुस’ ही रचना सादर केली. शीर्षक लॅटिन असले तरी तिची संहिता सोळाव्या शतकातील मिहाय वेग या कवीने केलेले ५५ व्या स्तोत्राचे हंगेरियन रूपांतर आहे. वेग हे केच्केमेत गावचे आणि कोदाय यांचा जन्मही त्याच गावचा. या रचनेत एक पुरुषस्वर स्तोत्रकर्त्याचे दुःख आणि संताप गातो आणि समूह ध्रुवपदासारखी एक ओळ घेऊन पुन्हा पुन्हा परततो. अभंग ऐकलेल्या कानाला ही मांडणी परकी वाटणार नाही.

कोदाय यांची आणखी एक रचना येथे नोंदवली पाहिजे. ऑर्गनसाठी लिहिलेल्या एका मिसाचे त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समूहस्वरांसाठी ‘मिसा ब्रेव्हिस’ असे रूपांतर केले. फेब्रुवारी १९४५ मध्ये वेढा पडलेल्या बुडापेस्टमध्ये ऑपेरागृहाच्या कपडे ठेवण्याच्या दालनात तिचे पहिले गायन झाले, तेव्हा साथीला ऑर्गन नव्हता, हार्मोनियम होता. संकटकाळी भव्य वाद्य बाजूला पडते आणि माणसांचे गळे व एक साधी पेटी एवढ्यावर उपासना उभी राहते. महाराष्ट्रातील खेड्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांची हीच नित्याची स्थिती होती.

‘क्रिस्तपुराणा’चा पहिला धडा

मराठीत या प्रश्नाचे पहिले उत्तर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी दिले. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे ११ हजार ओव्या आहेत; पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू आहेत. मातृभाषा इंग्रजी आणि धर्मभाषा लॅटिन असलेल्या या लेखकाने आपल्या परिचयाचा एकही युरोपीय छंद न वापरता ओवी निवडली. त्यांच्या मराठीप्रेमाचा गौरव आपण नेहमी करतो. छंदविषयक निर्णयाचे महत्त्व मात्र तेवढे सांगत नाही. ओवीत चरणांची लांबी लवचीक असते. प्रत्ययांनी लांबलेला मराठी शब्द तीत सहज मावतो. शिवाय ती एकाने म्हणावी आणि इतरांनी ऐकावी, ही पुराणश्रवणाची रीत लोकांच्या अंगवळणी होती. म्हणूनच हे काव्य चर्चमध्ये आणि घरांत मोठ्याने म्हटले गेले. गोव्यात पुढे धर्मसंगीताची सूत्रे लॅटिन संहिता, बहुस्वरी गायन आणि परगण्यातील शाळांतून शिकलेले संगीतगुरू यांच्याकडे गेली. चाळिसाच्या काळात गायल्या जाणाऱ्या मोटेटांची ती परंपरा संगीतदृष्ट्या समृद्ध आहे. परंतु तिच्यात मराठी शब्दाला जागा नव्हती.

भाषांतरित गीत आणि ऑर्गन

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे सुरू झाले. मिशनऱ्यांनी आपल्याबरोबर इंग्रजी गीते, त्यांच्या ठरलेल्या चाली आणि चार स्वरांच्या हार्मनीत गाण्याची रीत आणली. या गीतांची मराठी भाषांतरे मूळ चालींवर म्हणता यावीत अशी केली गेली. अडचण येथेच निर्माण झाली.

पहिली अडचण अक्षरांची. इंग्रजी गीताचा एक प्रचलित साचा ८-६-८-६ अक्षरांचा आहे. इंग्रजीत ‘देवाने माझ्यावर प्रीती केली’ एवढा आशय तीन एकाक्षरी शब्दांत मावतो. मराठीत त्याला ११ अक्षरे लागतात. सहा अक्षरांच्या ओळीत हा आशय बसवायचा तर प्रत्यय गाळावे लागतात, क्रियापद उडवावे लागते किंवा संस्कृत समासांचा आधार घ्यावा लागतो. भाषांतरित गीतांची भाषा अनेकदा आखडलेली वाटते ती या कारणाने. भाषांतरकार मराठी जाणत नव्हते, असा आरोप त्यांच्यावर सरसकट केला जातो. तो अन्यायकारक आहे. दोष साच्यात होता.

दुसरी अडचण आघाताची. इंग्रजी गीताची ओळ पुष्कळदा हलक्या अक्षराने सुरू होते आणि जोर दुसऱ्या अक्षरावर येतो. मराठी वाक्याची सुरुवात अशी होत नाही. त्यामुळे शब्दाच्या मध्येच किंवा एखाद्या प्रत्ययावर सुराचा भार पडतो आणि मुख्य अक्षर निसटून जाते. हंगेरियन शब्दाची जिनिव्हाच्या चालींत जी ओढाताण झाली, तिच्याशी या अनुभवाचे जवळचे नाते आहे.

तिसरी अडचण वाद्याची. ऑर्गनमध्ये पट्टी दाबलेली असेतोवर स्वर अखंड राहतो. दोन्ही हात आणि पाय मिळून स्वरसमूह वाजवतात. हे स्वरसमूह ठराविक मात्रेवर बदलतात. गाणाऱ्याला क्षणभर रेंगाळून एखादा शब्द आळवायचा असेल तर ऑर्गन थांबत नाही. सर्वांनी सर्व कडवी एकाच गतीने, पुस्तकात पाहून म्हणावयाची असतात. येथे सामाजिक प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रातील ग्रामीण ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित जातींतून आलेला होता आणि त्यांतील अनेकांना अक्षरओळख नव्हती. पुस्तकावर अवलंबून असलेले गायन त्यांना श्रोत्याच्या जागी बसवत होते. ज्या धर्माने त्यांना उपासनेत बरोबरीचे स्थान देऊ केले, त्याच धर्माची गायनपद्धती त्यांना नकळत दूर ठेवत होती.

या ठिकाणी वाद्याच्या इतिहासाने एक वेगळे वळण घेतले. पॅरिसमध्ये देबँ यांनी १८४२ मध्ये ज्या हार्मोनियमचे पेटंट घेतले, तो पायाने हवा भरण्याचा होता. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताने भाता चालवण्याचे रूप दिले आणि तो जमिनीवर बसून वाजवता येऊ लागला. डावा हात भात्यात गुंतल्यावर सुरांसाठी एकच हात उरतो. चार स्वरांची हार्मनी त्यावर नीट वाजत नाही. पेटी मग साहजिकच गाणाऱ्याच्या एकेरी सुरावटीमागून चालू लागते. थोडक्यात, हार्मनीसाठी जन्मलेले वाद्य येथे साथीचे वाद्य झाले. खेड्यातील चर्चमध्ये ऑर्गनच्या जागी पेटी आली, तेव्हा भजनाची वाट आपोआप मोकळी झाली.

टिळकांचे भजन

एकोणिसाव्या शतकातच अहमदनगर परिसरात कृष्णरत्न सांगळे यांनी पदे आणि ख्रिस्ती कीर्तने रचून या वाटेवर पाऊल टाकले होते. तिला पूर्णत्व दिले ते नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी संतपरंपरा मागे टाकली नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ते बहुधा श्रद्धेच्या अंगाने वाचले जातात. छंदाच्या अंगानेही ते तितकेच खरे आहेत.

मोठ्या अभंगाच्या चरणात ६-६-६-४ अशी २२ अक्षरे असतात. अभंग हा अक्षरछंद आहे; त्यात ऱ्हस्व-दीर्घाचे बंधन नसते. त्यामुळे गाणारा अर्थाच्या गरजेनुसार एखादे अक्षर लांबवू शकतो, एखादे उरकू शकतो. एकच अभंग भूपाळीच्या वळणाने, भजनी ठेक्यावर किंवा संथ आळवून म्हणता येतो. भाषांतरित गीतात सूर आधी ठरतो आणि शब्दाने त्यात बसायचे असते. अभंगात शब्द आधी उभा राहतो आणि सूर त्याला धरून चालतो. टिळकांनी ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणून हाक मारली, अखेरीस ‘दास’ ही नाममुद्रा घातली, हे सर्वांना माहीत आहे. परंतु ही संबोधने केवळ संतांकडून उसनी घेतलेली प्रतीके नाहीत. संबोधन हे भजनातील गायनाचे केंद्र असते. टाळकरी तेच उचलून धरतात. टिळकांना हे नेमके कळले होते.

भजनाची सामाजिक रीतही येथे महत्त्वाची आहे. उमरगा तालुक्यातील कोणत्याही गावच्या सप्ताहात ती पाहता येते. एक जण चरण म्हणतो, बाकीचे ध्रुवपद घेतात. अक्षरओळख नसलेला माणूसही दुसऱ्या आवर्तनाला गाऊ लागतो. टिळकांच्या रचनांनी ख्रिस्ती मंडळीत हीच सोय केली. त्यांच्या भजनांना ‘उपासना संगीत’ या मराठी चर्चच्या गीतसंग्रहात मानाचे स्थान मिळाले, त्यामागे कवीच्या कीर्तीइतकीच ही गायनसुलभताही आहे.

एक उलट दाखला विचारात घेण्याजोगा आहे. टिळकांच्या एका गीताचे निकोल मॅक्निकल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२७ च्या स्कॉटिश चर्चच्या गीतसंग्रहात समाविष्ट झाले. ते भाषांतर ८-६-८-६ अशा इंग्रजी साच्यात आहे. म्हणजे टिळकांना स्कॉटलंडमध्ये नेताना भाषांतरकाराने अभंगाचा छंद नेला नाही. तेथील शब्दाला साजेसा छंद दिला. इंग्रजीला जो न्याय मिळाला तो मराठीलाही मिळायला हवा, एवढेच टिळकांच्या भजनांचे मागणे होते.

टिळकांची प्रत्येक रचना या कसाला उतरते असे नाही. जेथे ते तारण, प्रायश्चित्त यांसारख्या संकल्पना समजावून सांगू लागतात, तेथे त्यांच्यातील पंडित पुढे येतो. ओळ अक्षरसंख्येत बसते, पण गळ्यात बसत नाही. छंद देशी असला म्हणजे गीत आपोआप देशी होत नाही, हेही त्यातून दिसते.

एक आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. भाषांतरित गीतेही आज असंख्य मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या जिव्हाळ्याची आहेत. नाताळला, विवाहात, अंत्यविधीत ती डोळ्यांत पाणी आणतात. त्यांना परकी म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला कोणी दिला?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही हंगेरीतच मिळते. जिनिव्हाच्या चाली तीन शतके गायल्यावर हंगेरियन समाजाच्या झाल्या. हंगेरियन शब्दाच्या उच्चाराबाबत अत्यंत काटेकोर असलेल्या कोदाय यांनीही त्या नाकारल्या नाहीत. १५० व्या आणि ११४ व्या स्तोत्रांच्या चालींवर त्यांनी स्वतः समूहगीते रचली. सवयीने कान घडतो आणि घडलेल्या कानाचाही मान राखावा लागतो. तेव्हा प्रश्न देशी की विदेशी असा नाही. गाताना शब्द ऐकू येतो का आणि जमलेल्यांपैकी प्रत्येकाला गाता येते का, हा खरा प्रश्न आहे. भाषांतरित गीताला तबल्याचा ठेका किंवा एखाद्या रागाची सुरावट जोडल्याने ते मराठी होत नाही. लिस्ट यांच्या मिसातील हंगेरियन स्वरावलींप्रमाणे ती वरची सजावट राहते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाव दिला. त्याच दस्तऐवजात ऑर्गनचा गौरव आहे आणि ज्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेचा आदर राखण्याची सूचनाही आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. मात्र त्यासाठी शब्दाच्या चालीचा विचार करणारे रचनाकार आणि समीक्षक हवेत.

निष्कर्ष

१. मराठी ख्रिस्ती उपासनागीताचे मूल्यमापन वाचनीय कविता म्हणून करणे अपुरे आहे. छंद, चाल, वाद्य आणि गाणारा समूह यांच्या संदर्भातच त्याचे गुणदोष स्पष्ट होतात.

२. भाषांतरित गीतांच्या भाषेतील अवघडलेपणाचे मूळ भाषांतरकारांच्या अज्ञानात कमी आणि अल्पाक्षरी परकी साच्यात अधिक आहे. हंगेरियनसारख्या प्रत्ययप्रधान भाषेचा अनुभव या विधानाला पुष्टी देतो.

३. स्टीफन्स यांची ओवी आणि टिळकांचा अभंग हे छंदविषयक जाणते निर्णय होते. टिळकांच्या भजनांना त्यांच्या काव्यविचारात मध्यवर्ती स्थान दिले पाहिजे.

४. भजनाच्या रीतीने अक्षरओळख नसलेल्या उपासकाला श्रोत्याचा गायक केले. हे तिचे सामाजिक मोल आहे.

कोदाय यांच्या विचारांना धरून १९५० मध्ये केच्केमेत येथे गायनाला रोजच्या शिक्षणात स्थान देणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. गाणे ही मूठभरांची मिरासदारी नसून प्रत्येक मुलाचा हक्क आहे, अशी त्यामागील श्रद्धा होती. आपल्या मराठी विभागांत अभंग आजही फळ्यावर लिहून समजावला जातो. तो वर्गात गायला जात नाही. टिळकांचे एक भजन आणि तुकारामाचा एक अभंग एका तासाला शेजारी शेजारी म्हणून दाखवला, तर छंदशास्त्राची कित्येक पाने शिकवण्याचे श्रम वाचतील. ज्या जिल्ह्याने एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या अध्यक्षतेखाली मराठी सारस्वताचे संमेलन भरवले, त्या जिल्ह्यातील महाविद्यालयांपासून याचा आरंभ होणे उचित ठरेल.